रेवाच्या गोष्टीचा शेवट

अमेरिकेत कोणाची कोणाशी लढाई जुंपली होती, हे अमरावतीच्या कापूसबाजारात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. ती लवकर मिटू नये म्हणून अंबादेवीला नवस बोलणारे मात्र पुष्कळ होते. लढाई चालू तोवर विलायतेला आपला कापूस लागणार, एवढं गणित सगळ्यांना पाठ होतं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या घरात जन्मात आरसा नव्हता, त्यांनी पुरुषभर उंचीचे आरसे आणून भिंतीला टेकवले आणि पहिले आठ दिवस आपलीच तोंडं बघण्यात घालवले. पैशामागून हौस येते, आणि हौसेमागून काय वाटेल ते येतं. वऱ्हाडात तेव्हा पुस्तकं आली. ती आणली सूर्यभाननं.

सूर्यभान अकोटाजवळच्या खेड्यातला कुणबी. पंतोजीच्या ओसरीत लहानपणी धूळपाटीवर अक्षरं गिरवली, तेवढीच काय ती विद्या. बायको पटकीच्या साथीत गेली. घरी म्हातारी माय, मैनाबाई. तिला घेऊन तो अमरावतीला राहायला आला आणि तिथल्या एका दलालाकडे कामाला लागला. कापसाच्या गाड्या खानदेशात आगगाडीपर्यंत न्यायच्या, मालाबरोबर मुंबई गाठायची, आणि माल हातावेगळा होईपर्यंत तिथं मुक्काम करायचा. बाकीचे गडी त्या मुक्कामात काय काय करत ते सांगण्यासारखं नाही. हा छापखान्यांच्या दुकानांपुढे उभा राही. परत येताना रिकाम्या पोत्यांच्या तळाशी पुस्तकं असत.

कादंबरी हा शब्द तेव्हा कोणी फारसा उच्चारत नसे. लोक म्हणत, गोष्टीची पोथी. नावंही कोणाच्या ध्यानात राहत नसत. ती बुडालेल्या जहाजाची, ती दोन सवतींची, ती वेढ्यातल्या किल्ल्याची, अशी त्यांची ओळख. आणि कोणती घ्यावी हे सूर्यभानला विचारल्याशिवाय कोणी घेत नसे. पुस्तक विकण्यापेक्षा सांगण्यात त्याचा जीव जास्त.

"किल्ल्याची घ्या," तो म्हणे. "जुन्या काळची म्हणून भिऊ नका, माणसं तुमच्याआमच्यासारखीच भांडतेत. सुरुवातीले दम धरा. लिहिणाऱ्याले घोड्याची लय हौस, घोडा दिसला का वर्णन करत बसते. पण एकदा वेढा पडला, का जेवाची आठवण राहणार नाई तुमाले."

जहाजाची तो आजाऱ्याला देत नसे. सवतींची, ज्याच्या घरी एकच बायको आहे त्यालाच. अकोल्याचे एक वकील राजकन्येच्या गोष्टीवर अडून बसले, तर त्यानं त्यांना तोंडावर सांगितलं, "नका घेऊ जी. तिच्या रूपाचं वर्णन झालं का पुस्तक संपते." वकिलांनी तरी घेतली, आणि पुढच्या खेपेला स्वतःच कबूल केलं की बाबा, तुझं खरं होतं. अशानं त्याचा शब्द वाढत गेला. गाडीवान सूर्यभानचा सूर्यभानजी झाला. बैठकीत दाराशी चपलांजवळ बसणारा माणूस हळूहळू सरकत सरकत गादीच्या कडेपर्यंत आला.

त्याची एक पद्धत होती. कोणतंही पुस्तक तो आधी पुरतं मायला वाचून दाखवी. मैनाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. ती समोर बसून कापसाच्या वाती वळी. वाती वळत राहिल्या तर पुस्तक बेताचं. हात थांबले तर पुस्तक चांगलं. इतका सोपा न्याय मुंबईच्या विद्वानांनाही सुचला नसता.

भगवंतराव देशमुखांचं नवं दुमजली घर बाजाराच्या अलीकडेच होतं. कापसानं हात दिला तेव्हा ते खेड्यावरून इथं राहायला आले. माणूस करारी, पण वाईट नव्हे. तरणाबांड मुलगा तापानं गेला होता आणि त्याची विधवा, वच्छला, घरात होती. विशीतली पोर. माहेरी भावाला शिकवायला पंतोजी येत, तेव्हा दाराआड बसून ही वाचायला शिकली. देशमुखांत गोशा कडक, म्हणून गल्लीतल्या देशमुखांच्या बायका दुपारी बुरख्यात लपेटून याच घरी जमत आणि वच्छला त्यांना पोथी वाचून दाखवी. सासऱ्यांना त्याचं कौतुक होतं. मुलगा गेला तरी सून देवाधर्मात रमली, असं ते चारचौघांत सांगत.

घरातल्या सगळ्या पोथ्या झाल्या, पुन्हा झाल्या, तेव्हा सासूनं, गोदाबाईंनी, सूर्यभानला बोलावणं धाडलं. त्यानं किल्ल्याची दिली. भगवंतरावांनी अट घातली, "माह्या घरात काय वाचलं जाईन, ते तुमच्या जबानीवर." सूर्यभाननं छातीला हात लावला.

आता बायकांचा एक नेम होता. मोठ्यानं वाचायची ती पोथी, मग ती देवाची असो की घोड्यांची. म्हणून किल्ल्याची गोष्टही चौरंगावर ठेवली गेली, तिच्यापुढे तांदूळ, सुपारी, समई. किल्ला पडला त्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला गेला. पोथी एकदा लावली की समाप्ती करायचीच. अर्धी सोडली तर दोष लागतो, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकीच्या घरी जातो.

किल्ल्याची संपल्यावर पुन्हा बोलावणं आलं. भगवंतराव बाजारात गेले होते. सूर्यभान बैठकीत बसला. आतल्या दाराला पडदा, पडद्याशी गोदाबाई. वच्छला परक्या पुरुषाशी बोलणार नाही, म्हणून ती आतून कुजबुजे आणि गोदाबाई ते बाहेर सांगत.

"वच्छला म्हणते, लढाया पुरे झाल्या. बाईमाणसाची गोष्ट नाई का एखादी?"

सूर्यभानला लगेच रेवाची आठवली. अलीकडेच आणलेली, आजच्या काळातली. रेवा पंधराव्या वर्षी विधवा होते, भावाच्या घरी राबते, पुढे एका बिजवर शाळामास्तराशी तिचं लग्न होतं. ही गोष्ट देशमुखांच्या घरात न्यावी की नाही, असा विचार करायला हवा होता. तो त्याच्या मनात आलाच नाही. कारण सरळ होतं. त्याच्या जातीत नवरा मेलेली बाई पाट लावून दुसरा संसार थाटते, आणि पाटाच्या बाईच्या हातची भाकर खाऊनच तो लहानाचा मोठा झाला होता. ज्या गोष्टीवर पुण्यामुंबईत डोकी फुटत होती, ती त्याला पीठमिठासारखी रोजची. त्याला गोष्टीतलं दुःख दिसलं, रेवाचा हजरजबाबीपणा दिसला. वावगं काही दिसलंच नाही.

"एक आहे जी," तो म्हणाला. "रेवाची. मी दोनदा वाचली. मायले वाचून दाखवली तं हातातली वात हातातच राहिली तिच्या. शेवटाले रडली. पण सुखानं रडली."

आत कुजबुज झाली. "वच्छला विचारते, मायले काहून एवढी आवडली?"

सूर्यभाननं दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. "तेबी तशीच आहे जी. पहिला धनी मेल्यावर पाटाची आली आमच्या घरी. मी पाटाचाच."

मग गोदाबाईंचा आवाज आला, जरा बदललेला.

"वच्छला विचारते, माय सुखी आहे का?"

"लय," सूर्यभान म्हणाला.

गोदाबाई रागावतील असं आता त्याला पहिल्यांदा वाटलं. त्यांनी पडद्याखालून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या."

रेवाची चौरंगावर चढली. दुपारच्या बायका वाढल्या. बुरखे सावरत पलीकडच्या गल्लीतूनही येऊ लागल्या. रेवाची भावजय तिला घालूनपाडून बोलते तिथं म्हणे एक म्हातारी एवढी खवळली की तिनं समईवर हात आपटला. आणि मग तो भाग आला. मास्तर रेवाला विचारतो, आणि रेवा हो म्हणते. वच्छलानं तो एकदा वाचला. बायकांनी पुन्हा वाच म्हटलं, म्हणून पुन्हा वाचला. त्याच संध्याकाळी कोणत्या तरी घरी कोणत्या तरी नवऱ्याच्या कानावर गेलं, आणि दिवेलागणीच्या आत भगवंतरावांकडे पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभानला बोलावणं आलं. बैठक भरलेली. भगवंतराव, त्यांचे चुलतभाऊ महादेवराव, गल्लीतले आणखी देशमुख, दोनतीन दलाल. पलीकडे पडदा, आणि पडद्याआड बायका जमलेल्या, कारण वाचनाची तीच वेळ होती. पुस्तक भगवंतरावांच्या मांडीवर होतं. जिथवर वाचलं तिथं लाल दोरा घातला होता. सूर्यभान सवयीनं गादीच्या कडेला बसायला गेला. कोणी सरकून जागा दिली नाही. तो सतरंजीवर बसला.

भगवंतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सूर्यभानजी, माह्या पोराले जाऊन वर्स झालं नाई. त्याच्या फोटोसमोर, त्याच्याच बायकोच्या तोंडून हे वाचलं गेलं."

फोटो म्हणजे मुलगा जिवंत असताना एका फिरत्या साहेबाकडून काढवलेली छबी. ती आतल्या दाराला लागूनच भिंतीवर होती. सूर्यभानची नजर तिकडे गेली.

"मले एवढंच सांगा. हे तुमी वाचलं होतं का?"

इथं त्याला हो म्हणता आलं असतं. वाचलं होतं, मालक, आणि चांगलं वाटलं म्हणून दिलं. चुकलं असेल तर जोडा मारा. एवढ्यानं गादीची कड गेली असती, देशमुखांची गिऱ्हाइकी गेली असती, बस. पण बैठकीतल्या सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, आणि सतरंजीवरून चपला फार जवळ दिसत होत्या.

"नाई जी," तो म्हणाला. "सुरुवात तेवढी पाहिली. पुढचं नाई वाचलं. छापखानेवाल्यानं फसवलं मले."

बोलला, आणि लगेच त्याला पडद्याची आठवण झाली. मी दोनदा वाचली, हे त्यानं त्याच पडद्याला सांगितलं होतं. पडदा हलला नाही.

महादेवरावांना मात्र गंमत सुचली. हा माणूस नेहमी असाच, दुसऱ्याचं घर जळत असलं की त्यावर बिडी पेटवणारा. "अरे, कुणब्यायले याचं काय नवल? त्यायच्यात पाट लागतेत. याच्याच घरी विचारा, असन एखादी."

बैठक हसली.

"आमच्या घरी नाई जी," सूर्यभान म्हणाला. "आमचं घर तसं नाई."

"आन् असती तं?"

"तं उंबऱ्याच्या आत घेतली नसती."

हे त्याला कोणी बोलायला लावलं नव्हतं. पहिलं खोटं भीतीचं होतं, असं एखादा म्हणेल. हे शेवटचं त्यानं आपणहून, वर मलाई घालून वाढलं. शब्द तोंडातून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी माय त्याची वाट बघत भाकरी झाकून बसली असेल, हे त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो नुसता सतरंजीच्या सुताकडे बघत राहिला. माणसाला लाज वाटते तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल असं म्हणतात. जमिनीला काय पडली आहे! ती आपली जागच्या जागी असते आणि आपल्याला तिच्यावर बसून राहावं लागतं.

भगवंतरावांनी पुस्तक मिटलं. तेवढ्यात पडद्याशी हालचाल झाली आणि गोदाबाईंचा आवाज आला. नेहमीपेक्षा हळू, पण बैठकीत सगळ्यांना ऐकू गेला.

"वच्छला विचारते, पोथी लावली ती अर्धी राहिली. समाप्ती कराव लागते. रेवाचं पुढं काय होते, ते सूर्यभानजीनं सांगावं."

सासऱ्यासमोर, परक्यांसमोर सुनेनं प्रश्न धाडणं हीच मोठी गोष्ट. पण प्रश्न पोथीचा होता, धर्माचा होता, त्याला आडवं कोण जाणार? भगवंतरावांनी सूर्यभानकडे पाहिलं.

पडद्याआडच्या पोरीला ठाऊक होतं की त्याला शेवट माहीत आहे. त्याला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिनं त्याला खोटं ठरवलं नव्हतं, त्याच्या मायचं नाव काढलं नव्हतं. एक शब्द उच्चारला असता तर तो तिथंच उघडा पडला असता, आणि तो शब्द तिनं गिळला. मागितलं ते एवढंच, की रेवाचं पुढे काय होतं.

"मले माहीत नाई," सूर्यभान म्हणाला.

पुस्तक त्याच्यापुढे टाकलं गेलं. ते उचलून तो घरी आला.

मैनाबाईनं भाकर वाढली. "त्या पोट्टीनं वाचली का रे रेवाची? कुठवर आली? रडली का?" तिनं एकदम सगळं विचारलं. न पाहिलेल्या त्या मुलीवर तिचा का कोण जाणे जीव जडला होता. सूर्यभाननं ताट सारलं आणि सगळं सांगितलं. उंबऱ्याचं वाक्य गाळावं असं फार वाटलं. तेही सांगितलं.

म्हातारीनं त्याचं ताट उचललं, झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मले नाई म्हटलं, तं म्हटलं. तुह्या नाई म्हटल्यानं मी काई पुसली जात नाई. तुह्या बापानं मले पंचायसमोर पाट लावून आणलं, ते साऱ्या गावानं पाहिलं आहे." ताटावरचं झाकण तिनं पुन्हा नीट केलं. "पण त्या लेकरानं शेवट विचारला. तेवढाच विचारला. माहीत असून काहून नाई सांगितला रे?"

माय रडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्यानं तिचे पाय धरले असते. हा प्रश्न कुठं धरावा हेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव बाजारात गेल्यावर तो पुस्तक घेऊन देशमुखांच्या मागच्या दाराशी गेला. आता काय व्हायचं ते होवो, असं ठरवून गेला होता. मोलकरणीनं आत वर्दी दिली. गोदाबाई स्वतः दारापर्यंत आल्या आणि पदर पुढे ओढून दाराआड उभ्या राहिल्या.

"बाईसाहेब, मले शेवट माहीत आहे. तो सांगाले आलो. वच्छलाबाईले बोलावता का?"

"शेवट झाला," गोदाबाई म्हणाल्या.

"कसा झाला?"

"तुमी गेले आन् बायका उठून जाईनात. अर्धी पोथी टाकून घरी गेलो तं लेकराबाळायले दोष लागन म्हणे. मंग वच्छलाच्या सासऱ्यायनंच सांगितलं बैठकीतून. रेवाले पस्तावा झाला, तिनं विहिरीत जीव दिला. समाप्त. आरती झाली, प्रसाद वाटला."

"आरती कोणी केली?"

"पोथी जिनं वाचली, तिनंच कराव लागते ना?"

सूर्यभाननं पुस्तक उघडलं, शेवटची पानं काढली आणि दाराच्या फटीकडे धरली. "खोटं आहे ते! रेवा मरत नाई. तिले पोरगी होते, ते पोरीले अक्षरं शिकवते. अठी छापलं आहे जी, पाहा."

गोदाबाईंनी पुस्तक घेतलं नाही.

"खोटं आहे ते मले माहीत आहे. तिलेबी माहीत आहे. तुमची माय सुखानं रडली म्हणून तुमीच सांगितलं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या दमल्यासारख्या वाटत होत्या. "पण काल इतक्या माणसायसमोर तिनं विचारलं. कधी नाई ते विचारलं. अन् तठी सांगणारे तुमी एकलेच होते. आता मागच्या दारानं ऐकून तिनं काय कराव?"

"निदान पुस्तक तं ठेवून घ्या. वच्छलाबाई वाचतीन कधी तरी."

"तिनं वाचणं सोडलं. कोणी नाई म्हटलं नाई तिले. यायनं तं उलट दुसरी पोथी आणतो म्हटलं. तिनंच सोडलं."

सूर्यभान उन्हात उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आज आपल्याला वाटेल ते बोलतील, गडी अंगावर घालतील, आपण ते सगळं सोसू आणि निदान झोप तरी लागेल. आतून भांड्याचा आवाज झाला. गोदाबाईंनी दाराच्या फटीतून पाण्याचा गडू बाहेर सारला आणि म्हणाल्या, "उनातानाचे आले. पाणी पिऊन जा." तो गडू त्यानं उचलला आणि उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, कारण तिथं त्याला नको म्हणायलासुद्धा तोंड उरलं नव्हतं.